मैनेचं दुखणं

चंदनसारचे विद्याधर काका तसे गरीब स्वभावाचे, पण पिंजऱ्याच्या दारात कुणी चपला घालून उभं राहिलं की त्यांचं डोकं फिरायचं. महामार्गापलीकडच्या प्राणी केंद्रात ते सर्कशीतून सोडवलेले वाघ सांभाळायचे. त्यातली मैना नावाची वाघीण त्यांच्याच हातचं खायची. देवघरात जावं तसे काका तिच्याकडे अनवाणी जात. दारातल्या औषधाच्या पाण्यात गमबूट बुडवून जा, असं डॉक्टर क्षितिजा बजावून बजावून थकली. "पाय धुऊनच जातो मी," एवढं बोलून काका मोकळे.

२००२च्या थंडीत मैनेनं खाणं टाकलं. नाक वाहू लागलं आणि मागचा पाय झोपेतसुद्धा झटके देऊ लागला. क्षितिजानं रक्ताचे आणि नाकातल्या पाण्याचे नमुने बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवले. विषाणू कुठला ते कळल्याशिवाय बाकीच्या वाघांना वाचवणार कसं?

काकांना घरी घास गिळवेना, की जागेवर बसवेना. तसा उडणारा पाय त्यांनी नुकताच पाहिला होता. त्यांच्या लेकीनं, पिंकीनं, बिल्डिंगखालचं कुत्र्याचं आजारी पिल्लू वर आणलं होतं, आणि काकांनी ते आपल्या पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. पिल्लू बिचारं गेलं. पंचा खांद्यावर तसाच राहिला, आणि मैना गजांतून रोज तोच हुंगायची. पाय धुणाऱ्या शहाण्याला खांद्यावरचा पंचा काही सुचला नाही.

अहवालाची वाट बघणं त्यांना झेपेना. त्यांनी जाऊन क्षितिजाला सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही, तेच त्यांना जास्त लागलं.

"काका, हा कुत्र्यांचा डिस्टेंपर असणार, तो वाघांनाही होतो. लॅबला तोच आधी तपासायला सांगते. पण आजपासून तुम्ही एकाही वाघाजवळ जायचं नाही."

निदान तेच निघालं. बाकीचे वाघ लगेच लांब हलवले. मैनेसाठी नवा माणूस आला, पण त्याच्या हातचं ती तोंडात घेईना.

"आवाजातून तर रोग जात नाही ना, मॅडम?" काकांनी विचारलं.

क्षितिजानं त्यांना मैनेच्या पिंजऱ्यामागच्या भिंतीबाहेर उभं राहू दिलं.

"मैने, खा गं बाय," काका म्हणाले.

मांस तसंच पडून राहिलं. वाघीण धडपडत उठली आणि आवाजाच्या दिशेनं निघाली, कोसळली, पुन्हा उठू लागली. आतला माणूस हे एकेक सांगत होता. तिला हाक मारायला काकांचा जीव तळमळत होता. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला आणि ती निवांत पडेपर्यंत श्वाससुद्धा जपून घेतला.