लिंबाच्या वासाचा स्पंज

टाकीतले मासे मी मारले. सासऱ्यांच्या भाताने ते मेले नाहीत. एवढं एक वाक्य मी त्याच दिवशी घरात बोलायला हवं होतं. ते न बोलता मी महिनाभर गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याची मला आलेली किळस अजून गेलेली नाही.

फिश टँकची हौस माझीच. मिरजोळ्याला मी नोकरी करतो, तिथे साहेबांच्या केबिनमध्ये एक झकपक टँक होता. तसा आपल्या हॉलमध्ये हवा, यापलीकडे मी काही विचार केला नव्हता. दुकानात गेलो आणि दुकानदार जे जे काउंटरवर ठेवत गेला ते घेत गेलो. निळी खडी घेतली, तिचा रंग दोन आठवड्यांत पाण्यात उतरला. गुलाबी प्लास्टिकची झाडं घेतली, डोळ्यांतून बुडबुडे सोडणारी एक कवटी घेतली. वर हीटर. आमच्याकडे थंडीतसुद्धा दुपारी पंखा लागतो, आणि गार पाण्यात खूश असणाऱ्या गोल्डफिशसाठी मी हीटर विकत घेतला. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले तेव्हा तो काढून कपाटात टाकला. आजही कपाट उघडलं की तो दिसतो आणि मला माझ्या बावळटपणाची शिसारी येते.

त्या सगळ्या पसाऱ्यात कामाची वस्तू एकच, आत बसवायचा फिल्टर. छोटी मोटर पाणी ओढते, ते निळ्या स्पंजमधून गाळून परत सोडते. तो देताना दुकानदाराने मला बजावलं होतं, "स्पंज नळाखाली धरू नका, साबण तर लावूच नका. टाकीतलंच पाणी बादलीत काढा आणि त्यात दोनदा पिळा, बस. त्यातल्या मळामुळेच पाणी चांगलं राहतं." हे मी नीट ऐकलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले. उभा जन्म बोटीवर खलाशी म्हणून काढलेला माणूस, पण मुलीच्या घरी राहायचं म्हणजे त्यांना भारी संकोच. येताना शेतातल्या उकड्या तांदळाचं पोतं घेऊन आले. जावयाच्या घरचं खातो असं कोणी म्हणायला नको. सकाळी चहाचा कप घेऊन ते टाकीसमोर खुर्ची ओढून बसत.

"काय ओ जावई, ह्यांना ड्युटी नाय वाटतं? नुसते फेऱ्या मारतायत."

दुपारी जेवण झालं की बोटांत चुरून दोन-चार शितं पाण्यात सोडत. मासे त्यांच्या बोटाशी येत. माझ्याशी कधी आले नाहीत.

"बाबा, त्यांचं खाणं डब्यात आहे," सुट्टीच्या दिवशी मी म्हणायचो.

"असू दे ओ. त्या गोळ्या खाऊन कंटाळले असतील. बोटीवर आम्हाला पण डब्यातलंच मिळायचं."

मी मासळी साफ करणारा माणूस आहे. बांगड्याचं पोट फाडून आतडी काढताना मला काही वाटत नाही. पण एका रविवारी फिल्टर उघडला आणि स्पंज हातात आला तेव्हा मला ओकारी आली. तपकिरी, बुळबुळीत, गटारासारखा वास, बोटांच्या पेरांना चिकटणारा चिखल. ही घाण घाणीतच धुवायची? मोरीत गेलो, भांडी घासायचा लिंबाच्या वासाचा साबण ओतला आणि ब्रशने तो स्पंज असा घासला की नव्यासारखा निळाशार झाला. बायकोला मुद्दाम दाखवला. संध्याकाळी फिल्टरचं पाणी पडत होतं तिथे पांढरा फेस जमला होता. मी तो पाहिला. बुडबुडे आहेत म्हणालो आणि टीव्ही लावला.

सकाळी चारही मासे वर तरंगत होते. एकाचे कल्ले अजून हलत होते. अंगावर पांढरी साय आल्यासारखं झालं होतं, पाण्याला कुबट वास. सासरे हातात कप घेऊन टाकीसमोर उभेच होते. मला ऑफिसला उशीर होत होता, त्या वासाने डोकं फिरलं होतं, आणि समोर ते होते.

"बाबा, किती वेळा सांगितलं तुम्हाला. तुमच्या त्या भातानेच पाणी नासलं."

"चार शितांनी काय होतंय?" बायको आतून म्हणाली.

"तुला चार दिसतात. दिवसभर घरात कोण असतं?"

सासऱ्यांनी कप टीपॉयवर ठेवला आणि माझ्यापुढे हात जोडले. "चूक झाली जावई. आता नाय टाकणार." सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हात जोडले, आणि मी बूट घालायला वाकलो.

संध्याकाळी टाकी उपसली. मासे नारळाच्या आळ्यात पुरले. मग स्पंज पिळला, तर त्यातून फेस आला. पुन्हा पिळला, पुन्हा फेस. आणि लिंबाचा वास. मी मोरीत उकिडवा बसलो होतो, बायको चार पावलांवर पोळ्या लाटत होती. तिला हाक मारायची होती. मी नळ सोडला, फेस जाईपर्यंत स्पंज पिळत राहिलो आणि गच्चीवर वाळत घातला. पुरावा धुऊन टाकणाऱ्या माणसासारखा. त्या स्पंजला आदल्या दिवशी येत होती त्यापेक्षा वाईट घाण माझ्या हातांना आली.

सासऱ्यांची खुर्ची खिडकीकडे वळली. जेवताना ते पोळी मागू लागले. "भात नको गो बाय." तांदळाच्या पोत्याचं तोंड त्यांनी सुतळीने बांधून टाकलं.

"चार माशांपायी बाबांनी भात सोडला," बायको मला म्हणाली. "आता तरी दोन शब्द गोड बोल. की त्यालाही मुहूर्त बघायचाय?"

गोड बोलायला गेलो असतो तर खरं बाहेर आलं असतं.

मग एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की ते गावी जाणार, पावसाआधी कौलं बघायला हवीत. कौलं गेल्याच वर्षी शाकारलेली होती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. गावात त्यांच्या आजूबाजूची घरं बंद, माणसं मुंबईला. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे विचारायलाही तिथे कोणी नव्हतं. बायको रडली. मी हातखंब्याहून त्यांच्या गावाला सुटणाऱ्या गाडीची वेळ विचारून आलो. हेही मी केलं.

निघायच्या आदल्या दिवशी ते कोणाला न सांगता रिक्षा करून गेले आणि परत आले ते हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत पाणी, पाण्यात दोन गोल्डफिश.

"घ्या जावई. मी गेल्यावर भात टाकणारा कोण नाय, जगतील." ते हसले. थट्टा करत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. "लावा आता तो फिल्टर. एवढा घासून ठेवलाय तुम्ही, नव्यासारखा."

मी गच्चीवरून स्पंज आणला. कोरडा, निळाशार. नाकाशी धरला तर वास होता, थोडा, पण होता. उभ्या उभ्या माझ्या मनात आलं की फाटलाय म्हणून सांगावं, दुकानातून गुपचूप नवा आणावा. उद्या ते जातीलच. त्या क्षणी असा विचार सुचला, हेही इथे लिहून ठेवतो. सासरे पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे होते, पाणी हिंदकळू नये म्हणून.

मी बायकोला हॉलमध्ये बोलावलं. आरोप तिने ऐकला होता, तर हेही तिच्यासमोरच व्हायला हवं होतं.

"बाबा," मी म्हणालो, "हा स्पंज मी भांड्याच्या साबणाने धुतला होता. दुकानदार नको म्हणाला होता तरी धुतला. मासे त्याने मेले, तुमच्या भाताने नाही. मला हे त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि मी लपवलं. तुम्ही माझ्यापुढे हात जोडलेत, ते मी जोडू दिले. मला माफ करा. गावी जायचंच असेल तर मी स्वतः सोडायला येईन. पण ह्या कारणाने जाऊ नका."