आमच्या बादलीतलं गरम पाणी

एमएस्सीला स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स शिकवणारे सर वर्गात तोंड उघडणाऱ्यांनाच प्रोजेक्टला घ्यायचे. मला त्यांच्याचकडे प्रोजेक्ट हवा होता, आणि अर्धं सेमिस्टर मी मूग गिळून बसले होते. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी वाक्य मनात जुळेपर्यंत सर फळा पुसून मोकळे.

एक दिवस त्यांनी मलाच उभं केलं. "हीट बाथ म्हणजे काय? मराठीत सांग, चालेल."

मराठीत म्हटल्यावर मला चेवच आला. "सर, आमच्याकडे सकाळी रॉड लावून बादलीभर पाणी तापवतात. त्यातून कितीही घ्या, गरमच राहतं."

"कितीही?"

"हो सर. चौघांच्या आंघोळी होतात."

"राहतेस कुठे?"

"साकीनाक्याला."

"तिथे मिळते का अशी बादली? मलाही एक आण."

वर्गात हशा पिकला. मागून कोणीतरी "झकास!" ओरडलं. माझे कान तापले. व्याख्या मला पाठ होती: बाथ इतका प्रचंड, की त्यातली उष्णता काढली तरी तापमान ढळत नाही. ती सोडून मी मोरीतली बादली सांगून बसले. प्रोजेक्टची वाट लागली म्हणायची. पण मी खोटं बोलले नव्हते. रोज हात घालत होते त्या पाण्यात.

ते सिद्धच करायचं म्हणून रविवारी मुद्दाम लोळत राहिले. आधी भाऊ आंघोळीला गेला, मग बाबा. पुढच्याला पुरावं म्हणून दोघांनीही निघताना बादली नळाखाली धरून गार पाण्याने भरून ठेवली. घरची रीतच तशी. मग मी हात घातला. कोमट. आणि आईची आंघोळ अजून बाकी होती.

"थांब गं," आई म्हणाली, "तुझ्यासाठी परत रॉड लावते."

"आणि तू रोज?"

"मला चालतं."

शाळेपासून पहिली आंघोळ माझी. मला उशीर नको म्हणून. भर वर्गात हसं झालं ती लाज या लाजेपुढे काहीच नव्हती. आईच्या तोंडाकडे बघवेना.

सोमवारी तिला म्हटलं, "आज तू आधी जा."

"प्रोजेक्ट हवाय ना तुला? मग लेक्चर काय बुडवतेस? जा गपचूप."

मी गेले. पाणी कढत होतं. भराभर अंग धुतलं आणि निघताना, सवयीने, बादली नळाखाली धरून काठोकाठ भरून ठेवली.