वाफेच्या पाइपावरची पंगत

नोलीन ट्रेनविथला नसत्या चौकशा फार. ऑस्ट्रेलियातल्या वालरू गावच्या माल्ट कारखान्यात, जिथे जवाला मोड आणून वाळवतात, तिथला बॉयलर ती सांभाळायची. एवढा गॅस जळतो तर उष्णता जाते कुठे, हा भुंगा तिच्या डोक्यात कायमचा. भिंतींना, दारांना हात लावत हिंडायची. शेवटी ती हात धुऊन मॅनेजरच्या मागे लागली, तेव्हा उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन थुई लाम नावाची इंजिनिअर ॲडलेडहून आली.

"मलाही बघू दे गं," म्हणत नोलीन तिच्या पाठोपाठ. आवरण घातलेले पाइप पडद्यावर निळे, म्हणजे गार, दिसत होते. बॉयलरमागे मात्र एक तुकडा पांढराशुभ्र झळकला.

"इथलं आवरण कुठं गेलं?" थुईनं विचारलं.

नोलीनचा चेहरा उतरला. ते तिनंच काढलं होतं, कधीकाळी, पेस्ट्या गरम करायला. पेस्टी म्हणजे मांस-बटाट्याची जाडजूड करंजी. कुणाची कुणी खाऊ नये म्हणून इथे तिच्या कोपऱ्यावर ज्याच्या त्याच्या नावाचं पिठाचं अक्षर चिकटवून भाजतात. सुट्टीत सगळ्यांच्या पेस्ट्या त्या पाइपावर रांगेत बसायच्या, आणि हिशेबनिसापासून ट्रकवाल्यापर्यंत सगळे तिथेच उभे राहून, एकमेकांची टर उडवत खायचे.

"मायक्रोवेव्ह आहे की," थुई म्हणाली.

"त्यात एका वेळी एकच मावते, पोरी. ज्याची झाली तो चालला आपल्या कोपऱ्यात. मग बोलायचं कुणी कुणाशी?" मग पाइपाकडे बघत तिनं विचारलं, "फार जाते का गं इथून?"

"सगळ्यात जास्त इथूनच."

म्हणजे चोर घरातच होता. नोलीनला फार वाईट वाटलं. पण फुकट जाळणंही तिच्या जिवाला लागत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःच पाइपाला आवरण गुंडाळलं, तारेनं आवळलं. सुट्टीची घंटा झाली तेव्हा आता इकडे कोण फिरकतंय, असं म्हणत ती एकटीच स्टुलावर बसली.

फोर्कलिफ्टवाला गार्थ पॅस्को पेस्टी घेऊन आला. त्यानं पाइपाला हात लावला.

"मेला का हा?"

"मेला. मीच मारला."

"बरं. सरक जरा."

तो तिथेच टेकला आणि थंड पेस्टीचा लचका तोडला. त्याच्यामागून हिशेबनीस आला, मग ट्रकवाले. नेहमीच्याच जागा धरून सगळे गारढोण खाऊ लागले. मायक्रोवेव्हकडे कुणी वळलं नाही.

नोलीनला राहवेना. "कशी लागतेय?"

"भिकार," गार्थ म्हणाला. "उद्या बायकोला मिरी जास्त घालायला सांगतो."