आदर्श सासू आणि भिंतीची ओल

मला 'आदर्श सासू'चा मान मिळाला, त्यानंतर महिनाभरात माझी सून घर सोडून निघाली होती.

मान दिला आमच्या दहिवलीच्या विहारातल्या महिला मंडळाने. मी तेव्हा तरुण होते, अवघी एकसष्टची, त्यामुळे अंगात रग भारी! मानपत्राला काचेची चौकट करून आणली आणि हॉलच्या भिंतीवर, येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसेल अशी, स्वतः टांगली.

"सुतार बोलावू का?" आमचे हे म्हणाले.

"एका खिळ्याला?" मी म्हणाले आणि चार इंची खिळा वरवंट्याने पार आत घातला. (बारीक खिळ्यांवर माझा विश्वास नाही.)

थोड्याच दिवसांत त्या भिंतीला ओल आली. भिंतीपलीकडे बाथरूम. आणि बाथरूममध्ये कोण? आमची विशाखा! खालापूरच्या कचेरीतून बसचे धक्के खात यायची आणि तासभर शॉवरखाली उभी राहायची. (तासभर म्हणजे दहा मिनिटं. पण सासूचं घड्याळ निराळं असतं.)

"अगं, भिंत भिजवलीस सगळी! घरात बादली नाय का?"

"आई, शॉवरचं पाणी जाळीतून खाली जातं. भिंतीत कसं शिरेल?"

"मला शिकवू नको!"

शॉवर बंद. आणि काय सांगू, भिंत सुकली! मला तर पुरावाच मिळाला. जिन्यात, गच्चीवर, मंडळात, सगळीकडे सांगत सुटले, "सुनेनं भिंत कुजवली हो माझी!"  विशाखा बादलीवर अंघोळ करत राहिली. मग एका रविवारी मुलगा चहाच्या कपात बघत म्हणाला, "आई, आम्ही खालापुरात भाड्याने खोली बघतोय."

माझी खारी चहात विरघळून तळाला गेली.

"पण जायच्या आधी भिंतीचं काय ते कळू दे," विशाखा म्हणाली आणि तिनेच खालापूरच्या सलीम प्लंबरला बोलावलं.

सलीमभाईंनी शॉवर सोडला, भिंतीला कान लावला. "जॉइंट गेला हाय, मावशी!" दोन टाइल फोडल्या. जॉइंट ठणठणीत! "मग खालचा असंल." आणखी चार फोडल्या. तोही ठणठणीत! इकडे हॉलच्या भिंतीवरून पाणी ओघळायला लागलं, नेमकं माझ्या मानपत्राखालून.

भिंत गेली खड्ड्यात, मला चौकटीची काळजी! धावत जाऊन ती उतरवली. मागचा खिळा गंजून लाल झालेला. म्हटलं, हा तरी कशाला ठेवायचा? पक्कडीत धरला आणि ओढला.

अहो, शॉवर सुरू झाला! हॉलमध्ये! माझ्या तोंडावर! चष्मा उडाला, मी भोकात बोट घालून बोंबलतेय, "बंद करा रं कुनीतरी!" आरडाओरडा ऐकून दारात मंडळाच्या बायका जमल्या. मला हार घालणाऱ्या त्याच!

सलीमभाईंनी शॉवर बंद केला. खिळा बघितला, भोक बघितलं. "पाइप बरोब्बर मधोमध फोडलाय, मावशी! या पाइपात शॉवर सोडला कीच पानी येतं, म्हनून बादलीवर भिंत सुकली. पन खिळा ठोकला कुनी?"

आमचे हे छताकडे बघायला लागले. बाकी सगळे माझ्याकडे. माझं बोट अजून भोकातच, आणि पदरातून पाणी ठिबकतंय.

विशाखा टॉवेल घेऊन आली. माझं तोंड पुसता पुसता हळूच म्हणाली, "आई, बादली आणू?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं! "राहा गं इथंच," मी म्हणाले. "शॉवर तुझा. तासभर घे." मग ज्या ज्या बायकांना भिंतीची कहाणी सांगितली होती, त्यांच्या दारात जाऊन खिळ्याची सांगितली. भिंतीची सांगताना जीभ नुसती धावत होती. खिळ्याची सांगताना उचलेचना.

विशाखा राहिली, पण एका अटीवर. जुन्या रंगाच्या टाइल अख्ख्या कर्जतमध्ये मिळाल्या नाहीत. बाथरूममधल्या त्या ठिगळावर काय लावायचं, ते ती ठरवणार!

आता रोज अंघोळीला गेले की समोर 'आदर्श सासू' असते, प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीने डकवलेली. मी तिच्याकडे पाठ करूनच साबण लावते. इतक्या आदर्श बाईसमोर अंगावर पाणी घ्यायची लाज वाटते हो!