चौतीस माणसांचा हात

मिऱ्याच्या वाडीत बोटीवर गेलेली माणसं काही कमी नव्हती. कुणी डेकला रंग फासला, कुणी इंजिनात तेल घातलं. धाकू मयेकर मात्र तीस वर्षं परदेशी मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होता. एकोणीसशे त्र्याऐंशी साली तो कायमचा घरी आला तेव्हा त्यानं तीन गोष्टी आणल्या. एक लोखंडी पेटी, एक हातभर लांब सुरी आणि चौतीस माणसांचा हात.

हा हात म्हणजे काय ते सांगायला हवं. धाकूच्या बोटीवर माणसं चौतीस. पाण्याचं माप बालदीनं, मिठाचं ओंजळीनं. वजनकाटा त्यानं कधी वापरला नाही. हात पिंपात जायचा आणि चौतिसांपुरतं घेऊन वर यायचा. बोटीवर याचं फार कौतुक. घरी माणसं दोनच, तो आणि त्याची बायको मथुरा. पण त्यामुळे काही अडलं नाही, कारण मथुरा त्याला चुलीकडे फिरकूच देत नसे.

"तीस वर्षं रांधलांत, आता बसून खावा," ती म्हणायची.

मग धाकू पाटावर बसायचा आणि बसून खायचा. तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिखलं, वर कोकमाच्या आगळाची कढी. जगातल्या पन्नास बंदरांत जेवलेला माणूस, पण मथुराच्या कढीची वाटी तोंडाला लावली की देवाचे आभार मानून मोकळा व्हायचा. असं एक वर्ष मोठं सुखात गेलं.

पुढच्या माघात मथुरा तापानं पडली. टायफाईड. मुलगी राही सावर्ड्याहून आली, वीस दिवस राबली आणि ताप उतरल्यावर डोळे पुसत आपल्या पोरांकडे परत गेली. मथुरा राहिली, पण काय राहिली! हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी धाकूला बाजूला घेऊन सांगितलं, "औषध माझं संपलं. आता यांच्या पोटात अन्न जायला हवं. हे असंच चाललं तर या उठायच्या नाहीत."

धाकू घरी आला तो थेट स्वयंपाकघरात शिरला. आता अडवणारं कोण होतं? आजाऱ्याच्या तोंडाला चव नसते, तेव्हा नेहमीची पेज काय कामाची, असा त्यानं विचार केला. आपल्याला अख्ख्या जगाचं रांधप येतं, त्यातलं काहीतरी हिच्या जिभेला पटेलच. त्यानं घरातली भांडी खाली काढली. ती त्याला भातुकलीतली वाटली. मग तो उठला आणि वाडीच्या लग्नाकार्यासाठी ठेवलेल्या भांड्यांतला मोठा टोप घेऊन आला.

पहिल्या दिवशी इटलीच्या शेवया झाल्या. म्हणजे शेवया आपल्या बाजारातल्याच, पण टोमॅटोच्या दाट रश्शात, भरपूर लसणीवर परतलेल्या. वास वाडीच्या टोकापर्यंत गेला. टोप उतरवल्यावर धाकूच्या ध्यानात आलं, की आपण चौतीस माणसांचं केलंय. टाकणार कुठं? शेजारच्या गोदूबाईला हाक मारली. तिनं पलीकडच्या घराला मारली. घटकाभरात पडवी भरली. माणसं मिटक्या मारत जेवली आणि आतल्या खोलीतून मथुराचा बारीक आवाज येत राहिला, "सगल्यांना पुरलं काय? पोरांना वाढलांत काय?"

धाकू वाटी घेऊन आत गेला. "आता तू घे."

"सगल्यांचं होऊ दे. मी जेवेन मागनं."

सगळ्यांचं झालं तोवर ती थकून झोपली होती. उठवली तेव्हा तिनं दोन शेवया चघळल्या आणि वाटी बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी स्पेन. बटाटा आणि कांदा तेलात मऊ करून, अंड्यात कालवून, चार बोटं जाडीचा पोळा. तिसऱ्या दिवशी इजिप्तचं पोर्ट सैद. भात, मसूर आणि वर कुरकुरीत तळलेला कांदा. धाकूनं हात आखडून पाहिला नाही असं नाही. पण मीठ कमी घ्यायला गेला तर चवच बिघडायची, आणि चव सांभाळायला गेला की टोप काठोकाठ भरायचा. वाडी खूश होती. गरीब माणसं, उपकार ठेवणारी नव्हेत; कुणी ताजे मासे आणून दिले, कुणी शहाळी, कुणी पाणी भरून ठेवलं. धाकूला भरून यायचं. पण मथुरा रोज आतून चौकशी करायची, रोज मागनं जेवेन म्हणायची आणि रोज दोन घासांवर अडायची. चौथ्या दिवशी तिला कूस बदलायलाही आधार लागला. धाकूनं बाहेर येऊन खांबाला पाठ टेकली.

"माझा हात गेला गोदूबाय," तो म्हणाला. "चौतीस माणसं जेवतात आन् एक बायको जेवत नाय."

गोदूबाई टोप घासत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "तुमच्या हाताला काय झालंय? ती कदी कुणाच्या आदी जेवली काय? सासू होती तवा सासूच्या मागनं, पोरं होती तवा पोरांच्या मागनं. टोपात उरंल ते तिचं. आता तुमी निम्मी वाडी बशिवताव, आन् तिला म्हणताव, जेव."

धाकू आठवू लागला. त्याच्या एका कप्तानाला मासा काट्यासकट आवडायचा आणि तो डोळे मिटून खायचा, हे त्याला आठवलं. एक पोलिश मेस्त्री पावानं ताट पुसायचा, हेही आठवलं. पण मथुरा कशी जेवते? डाव्या गुडघ्यावर हात ठेवते का, भात आधी की भाकरी आधी, तिला काय आवडतं? काहीच आठवेना. सुट्टीच्या दोन दोन महिन्यांत आणि या अख्ख्या वर्षातही त्यानं बायकोला जेवताना पाहिलंच नव्हतं. तो जेवून पडवीत सुपारी कातरत बसायचा तेव्हा ती आत जेवत असणार. त्याला मनापासून लाज वाटली.

आणि मग त्याला पिरियस आठवलं. ग्रीसच्या त्या बंदरात तो ऐन तिशीत तापानं फणफणला होता. बोट निघून गेली आणि ज्याच्या हाताखाली तो तेव्हा होता त्या म्हाताऱ्या ग्रीक स्वयंपाक्याच्या घरी त्याला ठेवलं. त्या घरातल्या म्हातारीनं लहानशा भांड्यात कोंबडी उकळलेल्या पाण्यात भात शिजवला, त्यात अंडं आणि लिंबू घातलं. शब्द कळत नव्हता, पण वाटी संपेपर्यंत ती समोरून हलली नाही. ते सूप पुढं धाकूनं बालदी बालदी भरून बोटींवर वाढलं. ते मुळात एकाच माणसासाठी केलेलं होतं, हे मात्र तो विसरून गेला होता.

सकाळी त्यानं मोठा टोप परत केला. गोदूबाईला सांगून ठेवलं की आज कुणी येऊ नका. रात्रीचा गार भात ताकाशी कालवून आपण आधीच जेवून घेतला. मग तांदळाचा डबा घेऊन मथुराच्या उशाशी गेला.

"एक मूठ काढ गो यातनं."

"कुणासाठी?"

"तू काढ तर."

तिनं हात डब्यात घातला. त्या सुकलेल्या मुठीत तांदूळ ते किती मावणार? पण धाकूनं त्यात दाणाही वाढवला नाही. कोंबडीचं पाणी सगळ्यात लहान पातेलीत उकळलं, तांदूळ अगदी मऊ होऊ दिला. परसातलं एक लिंबू पिळून अंडं फेटलं आणि पातेलीतलं गरम पाणी त्यात पळीपळीनं सोडलं, नाहीतर अंड्याच्या गुठळ्या होतात. पातेली खाली उतरवून अंडं त्यात ओतलं. मीठ ओंजळीनं घालणाऱ्या त्या हातानं दोन चिमट्यांतच आटपलं.

वाटी पुढं केली तशी मथुरा म्हणाली, "तुमचं?"

"माझं झालं."

"आन् गोदूबाय? बाकीची?"

धाकूनं रिकामी पातेली तिला दाखवली. "कुणी नाय यायचं. येवढंच केलंय. मूठ तुझीच होती, ती तुझ्यासाठीच."

मथुरा वाटीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझ्या आयेमागं माझ्यासाठी म्हणून कुणी भात टाकला नव्हता."

ती जेवू लागली. धाकू समोर बसून राहिला. ती आधी चमचाभर पाणी पीत होती, मग भात घेत होती, आणि हो, डावा हात गुडघ्यावर ठेवत होती. वाटी अर्ध्यावर आली, मग तळाशी आली. धाकूनं मनातल्या मनात पिरियसच्या म्हातारीला हात जोडले.

वाटी खाली ठेवून मथुरा म्हणाली, "मीठ कमी हाय."

तीस वर्षांत धाकूच्या जेवणाला कुणी नावं ठेवली नव्हती. डोळे पुसत तो म्हणाला, "उद्या बरोबर घालीन."

त्यानंतर रोज डबा उशाशी जायचा आणि मूठ रोज थोडी मोठी होत गेली. पाडव्याच्या दिवशी मथुरा स्वतः उठून चुलीपाशी आली आणि धाकूकडे न बघता तिनं पातेलीत दोन मुठी तांदूळ घातले. मग पाटही दोन मांडले, समोरासमोर.