हेस्टर टकच्या कापडाची मागची बाजू

हेस्टर टकने इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातल्या एका हवेलीत एकेचाळीस वर्षं चादरी-उश्यांवर लाल दोऱ्याने मालकांच्या नावाची आद्याक्षरं घातली. स्वभावाने इतकी खाष्ट, की तिची चाहूल लागली तरी धुण्याच्या खोलीतल्या पोरी चिडीचूप व्हायच्या. कोणी तिच्या हाताचं कौतुक केलं, तर ती त्याच्यावरच खेकसायची. याचं मूळ ती बारा वर्षांची असतानाचं, गावच्या धर्मादाय शाळेतलं.

शाळा मिस ग्रिमवेड चालवायच्या. बाईंना शिवणकाम जेमतेम यायचं, पण मिरवायची हौस दांडगी. शाळा सोडताना प्रत्येक मुलीने एक नमुना भरायचा: लिननच्या तुकड्यावर फुलीच्या टाक्याने सगळी अक्षरं, आकडे, स्वतःचं नाव, वय आणि सगळ्यात खाली ‘शिकवणाऱ्या मिस ग्रिमवेड’. हे नमुने बघून हवेलीची कारभारीण दरवर्षी एक मुलगी कपड्यांच्या खोलीसाठी न्यायची. उरलेल्या जायच्या शेतातले दगड वेचायला, थंडीत, उघड्या हातांनी.

हेस्टरने खालच्या ओळीत घातलं, ‘शिकवणारी केझाया टक’.

“ही केझाया कोण गं?” बाईंनी विचारलं. त्यांना चांगलं ठाऊक होतं.

“माझी आई. टाका तिने शिकवला, गोणपाटाच्या तुकड्यावर.”

“गरिबखान्यात मेलेल्या बाईचं नाव माझ्या शाळेच्या कामावर? उसव ते.”

“मग तुम्ही काय शिकवलंत म्हणून घालू? गाठी मारायला?”

बाईंनी पट्टी उभी धरून तिच्या बोटांवर हाणली. बोटं टम्म सुजली. हेस्टरला बाईंचा असा राग आला, की सुई त्यांच्या हातात खुपसावीशी वाटली. पण दगड डोळ्यांपुढे होते. दोन दिवस बसून तिने आईचं नाव एकेक टाका करून उसवलं आणि मनातल्या मनात शिव्या घालत त्या जागी बाईंचं नाव भरलं.

कारभारीण मिसेस पेकओव्हर आल्या, तेव्हा टेबलावर तीन नमुने होते. त्यांनी आधी तिन्ही उलटे केले. मागे गाठ असली, की इस्त्रीखाली ती फुगते आणि चादर तिथेच विरते. दोन नमुन्यांच्या पाठीवर गाठीच गाठी होत्या. हेस्टरच्या नमुन्यावर एकही नव्हती. दोऱ्याची टोकं टाक्यांखालून इतकी बेमालूम नेली होती, की पुढची बाजू कुठली ते कळू नये.

“हे कोणी शिकवलं?”

“मीच,” मिस ग्रिमवेड म्हणाल्या.

“मग या दोघींनी काय घोडं मारलं होतं?”

बाईंचा चेहरा उतरला. मिसेस पेकओव्हर हेस्टरकडे वळल्या.

“पोरी, तू सांग. असा हात मी एकदाच पाहिलाय. केझाया टक म्हणून होती आमच्याकडे. लग्नाआधीच पोट घेऊन बसली, मीच हाकलली तिला. तूही टक. कोण लागते ती तुझी?”

हेस्टरला हे माहीत नव्हतं. आई हवेलीबद्दल कधी बोललीच नव्हती. तिने मिस ग्रिमवेडकडे पाहिलं. बाईंनी नजर खाली वळवली.

“अर्धं गाव टक आहे, बाईसाहेब,” हेस्टर म्हणाली. “मी नाही ओळखत तिला. मला आमच्या बाईंनीच शिकवलं.”

“बरं झालं. तसलं रक्त मला घरात नकोच होतं. सोमवारी ये.”

मिसेस पेकओव्हरची गाडी गेली. हेस्टर दारातच उभी होती. स्वतःची इतकी किळस तिला आजवर कधी आली नव्हती. मिस ग्रिमवेड तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज मऊ होता.

“शेवटी काहीतरी माझ्याकडून शिकलीस म्हणायची.”