तांबडीचा रिपोर्ट

प्रयोगशाळेत सगळे तिला थेंबताई म्हणत. घोड्याच्या रक्ताचा एक थेंब सांडला तरी तिचा जीव खालीवर व्हायचा. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण अजून घरात मिक्सर घरघरला की तिला नळ्या फिरवणारं ते यंत्र आठवतं, बोटांना स्पिरिटचा वास येतोय असं वाटतं, आणि मग हटकून तांबडी आठवते.

तांबडी तबेल्यातली जुनी घोडी. शहाण्यासारखी वागणारी, ती एकाएकी बिथरली. चावायची, नरासारखी इतर घोड्यांच्या अंगावर धावून जायची. अंडाशयात गाठ असावी, अशी डॉक्टरांना शंका होती. तशी गाठ असली की रक्तात नराचा हार्मोन चढतो. मालकाने सांगून टाकलं होतं, आजार निघाला तर उपचार करू, नाहीतर अशी माजलेली घोडी विकलेली बरी.

थेंबताईने तपासणी केली. नराचा हार्मोन अगदी बेताचा. म्हणजे घोडी ठणठणीत आणि तिची रवानगी पक्की. पण सोबत नेहमीप्रमाणे लावलेली गाभणपणाची तपासणी ठळक आली होती. थेंबताई चक्रावली. वर्षभर नराला जवळ फिरकू न देणारी घोडी गाभण राहील कशी?

तिने तबेल्यात फोन लावला. घोड्यांची निगा राखणारे म्हातारे मोतद्दार आजोबा आधी इकडचं तिकडचं बोलत राहिले.

"आजोबा, हे रक्त कुणाचं?"

"पांढरीचं, त्या दुसऱ्या घोडीचं," ते शेवटी म्हणाले. "डॉक्टरांनी दोघींचं काढलं होतं. मी नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. पांढरी म्हणजे अगदी गरीब गाय. म्हटलं, रिपोर्ट चांगला येईल."

"अहो, चांगला आला तर तांबडी विकली जाईल."

"म्हणजे वाईट यायला पाहिजे?"

"हो."

"मग आधी सांगायचं ना, ताई. तिच्याएवढी वाईट घोडी साऱ्या तबेल्यात नाही."

थेंबताईला हसू आलं. लेकरावर कुणी बोट ठेवू नये म्हणून माणूस काय काय झाकतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. नमुन्यांची अदलाबदल झाली, एवढंच तिने डॉक्टरांना कळवलं आणि दोघींचं रक्त पुन्हा मागवलं. यंत्र फिरू लागलं तेव्हा, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, वाईट रिपोर्टसाठी तिने देव पाण्यात ठेवले.

तांबडीचा हार्मोन भलताच चढलेला निघाला. गाठ काढली. काही महिन्यांनी थेंबताई तबेल्यात गेली, तेव्हा तांबडी आजोबांच्या काखेत तोंड खुपसून उभी होती, आणि ते तिला लटक्या रागाने शिव्या देत होते.